मामांचं कांद्याचं रोप का बसलं? बुरशीवर बुरशी सोडण्याची गोष्ट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काटोलकडून मामांचा फोन आला. "अरे बाबू, कांद्याचं रोप बसून राह्यलं ना सारं. तू सांगतलेली पावडर बी टाकली, तरी." मामांचं मुख्य पीक संत्रा. त्या वर्षी पावसाळी कांद्याला बरा भाव मिळेल म्हणून विहिरीजवळच्या तुकड्यात त्यांनी रोप टाकलं होतं. पंधरा दिवसांचं, सुईसारखं हिरवंगार रोप जमिनीलगत पाणचट होऊन आडवं पडत होतं. आज ताटलीएवढा गोल, उद्या परातीएवढा. पावडर म्हणजे ट्रायकोडर्मा, रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी, आणि ती सुचवणारा मीच. त्यामुळे रविवारी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडहून एसटी धरणं भागच होतं.

तिथे गेल्यावर हकीकत कळली. पावडरचा पुडा मामांनी एप्रिलमध्येच आणून विहिरीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवला होता. अख्खा मे महिना त्याने तिथेच काढला. जूनच्या शेवटी बी पेरताना पावडर कोरडीच वाफ्यात भुरभुरली. रोप बसायला लागल्यावर कृषी केंद्रात गेले, तिथून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून त्याची आळवणी केली, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतलं. त्यानेही थांबेना, तेव्हा मला फोन. वाफे काळ्या कसदार मातीत, सपाट, आणि रविवारी मी पोचलो तेव्हा त्यांच्यात पाणी उभं होतं.

या चार ओळींत जैविक रोगनियंत्रण कुठे फसतं ते जवळजवळ सगळं आलं. पण ते नीट कळायला आधी मारणारा कोण आणि राखणारा कोण हे पाहावं लागतं.

कांद्याला बुरशी तीन ठिकाणी गाठते: मातीत, पातीवर आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवतात तिथे. मातीत रोपाची मर आणि मोठ्या कांद्याची बुडकूज. पातीवर करपा. चाळीत काजळी. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जैविक उपायाची खरी ताकद मातीत आहे. पातीवर त्याचा हात अर्धाच पोचतो आणि चाळीत जवळजवळ नाहीच. पुड्यावर मात्र "सर्व बुरशीजन्य रोगांवर" असं छापलेलं असतं. शेतकरी ते वाचून करप्यावर फवारतो, करपा थांबत नाही, आणि मग "हे जैविक-फैविक काही कामाचं नाही" असा शेरा मारून जिथे ते खरंच कामाचं असतं तिथेही वापरत नाही.

मारणारा

वाफ्यात पाणी साचलेलं असताना रोप जमिनीलगत पिचून पडत असेल, तर पहिला संशय पिथियमवर. मामांना हे नाव माहीत नव्हतं, पण त्याचा भाऊबंद त्यांना चांगला ठाऊक आहे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतो तो डिंक्या, तो आणणारा फायटोप्थोरा आणि हा पिथियम एकाच गटातले. गंमत अशी की दोघंही काटेकोर अर्थाने बुरशी नाहीतच. दिसतात बुरशीसारखे आणि वागतातही तसेच, पण शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळ्या खात्यात टाकलंय. खऱ्या बुरशीच्या पेशींची भिंत मुख्यतः कायटिनची असते. झिंग्याच्या कवचात असतं तेच कायटिन. पिथियमच्या भिंतीत सेल्युलोज असतं, म्हणजे कापसात असतं ते. शिवाय पिथियमच्या बीजाणूंना शेपटीसारखे केस असतात आणि ते पाण्यात पोहतात. उभं पाणी हा त्यांचा रस्ता.

आता कार्बेन्डाझिमचा हिशोब बघा. हे औषध खऱ्या बुरशीच्या पेशीचं विभाजन अडवतं. पिथियमवर त्याचा असर नसल्यातच जमा. ट्रायकोडर्मा मात्र खरी बुरशी, आणि या औषधाला ती फार नाजूक. म्हणजे मामांच्या आळवणीने चोराला हातही लागला नाही, राखणदार तेवढा गारद झाला. अर्थात तो राखणदार तोवर जिवंत होता असं धरलं तर. मेच्या उन्हात टिनाखाली तो आधीच गेला असणार.

मर दरवेळी पिथियमचीच असते असं नाही. रायझोक्टोनिया आणि फ्युझेरियम याही बुरश्या रोप पाडतात. फ्युझेरियमची एक खास जात तर कांद्यासाठीच राखीव आहे. तीच पुढे बुडकूज आणते: पातीचे शेंडे पिवळे पडतात, झाड ओढलं की अलगद हातात येतं, मुळं गळालेली असतात आणि कांद्याच्या बुडाशी पांढरी बुरशी दिसते. तिला २८ ते ३२ अंशांची गरम माती मानवते. आपल्याकडे अशा मातीची टंचाई कधीच नसते. तिचे जाड कवचाचे बीजाणू कांदा नसतानाही मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून एकाच वावरात दरवर्षी कांदा घेणाऱ्याचा रोग दरवर्षी थोडा थोडा वाढतो. तीन-चार वर्षं मधे गहू, ज्वारी असं धान्य घेतलं की बीजाणूंची संख्या उतरते. हाही नैसर्गिक उपायच, फक्त तो पुड्यात मिळत नाही म्हणून कोणी त्याची जाहिरात करत नाही.

राखणारा

ट्रायकोडर्मा ही जवळजवळ प्रत्येक मातीत सापडणारी हिरवी बुरशी. ती बाहेरून आणलेली विदेशी पाहुणी नव्हे. तुमच्या धुऱ्यावरच्या कुजक्या लाकडावर दिसणारा हिरवट थर बऱ्याचदा तिचाच असतो. दुसऱ्या बुरश्यांना ती खाते हे रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिलं. तिचा तंतू शत्रूच्या तंतूकडे वाढत जातो, वेलीसारखा त्याला वेढे घालतो, कायटिन विरघळवणारी विकरं सोडतो, भिंतीला भोक पाडतो आणि आतला माल पितो. सूक्ष्मदर्शकाखालचे त्याचे फोटो पाहिले तर दोराला दोर गुंडाळल्यासारखे दिसतात. बरं, सेल्युलोज विरघळवणारी विकरंही तिच्याकडे आहेत, त्यामुळे पिथियमलाही ती सोडत नाही. या विकरांचा एक किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजायला लागले. तपास केला तर ट्रायकोडर्माची एक जात त्यांचा फडशा पाडत होती. पुढे तिलाच कारखान्यात कामाला लावलं. आज जीन्स मऊ करायला वापरतात ती विकरं तिच्या घराण्यातून आलेली आहेत.

पण वेढा घालून खाणं ही झाली सिनेमातली मारामारी. रोजचं काम त्याहून साधं आहे. गणेशपेठला गाडी लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक आपण पाहतो. ट्रायकोडर्मा नेमकं तेच करते. बी रुजलं की मुळातून साखर पाझरते. या साखरेवर मातीतल्या सगळ्यांचाच डोळा. ट्रायकोडर्मा झपाट्याने वाढते, मुळाभोवतीची जागा आणि खाणं आधीच धरून बसते. मागून आलेल्या रोगाच्या बुरशीला उभं राहायलाही जागा उरत नाही. रुमाल मात्र गाडी भरायच्या आधी टाकावा लागतो. माणसं बसल्यावर रुमाल टाकून कोणी उठत नाही. रोप बसायला लागल्यावर ट्रायकोडर्मा ओतणं म्हणजे भरलेल्या गाडीत रुमाल टाकणं.

याशिवाय ती काही रसायनं सोडते, ज्यांनी शेजारच्या बुरश्यांची वाढ खुंटते. तिच्या काही जातींना ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो, तो अशाच एका रसायनाचा. आणि मुळाला तिचा स्पर्श झाला की झाडाची स्वतःची बचावयंत्रणा आधीच सावध होते, म्हणजे पुढे हल्ला झाला तर झाड लवकर प्रत्युत्तर देतं.

तिच्या जोडीला दोन जिवाणूही मिळतात. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा लोह पळवणारा. बुरशीलाही वाढायला लोह लागतं. हा जिवाणू चिमट्यासारखे रेणू सोडून मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो आणि बुरशीला उपाशी ठेवतो. हे रेणू अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळे चमकतात, त्यावरूनच त्याला फ्लुरोसन्स हे नाव. दुसरा बॅसिलस सबटिलिस. हा साबणासारखी रसायनं सोडतो, ती बुरशीच्या पेशीचं पातळ आवरण फोडतात. त्याचा मोठा गुण वेगळाच आहे: तो कठीण कवचात झोपी जाऊ शकतो. उष्णता आणि कोरड त्याला सहसा मारत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि आपल्या दुकानांच्या टिनाच्या गोदामात कोणाचा पुडा शाबूत राहील असं विचारलं, तर मी बॅसिलसवर पैसे लावीन.

पुड्याची उत्तरीय तपासणी

ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंश आवडतात. चाळिशीच्या पुढे ती टिकत नाही. मामांच्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात किती तापमान असेल याची कल्पना नागपूरकराला वेगळी द्यायला नको. (२०२४ च्या मेअखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सर बिघडला होता असं निघालं. पण त्या दिवशी इथे फारशा कोणाला तो आकडा खोटा वाटला नव्हता.) "मले वाटलं बुरशी म्हणजे बुरशी, तिले काय ऊन अन् काय थंडी," मामा म्हणाले. चूक त्यांची नाही. पावडर म्हटलं की माणूस ती युरियासारखीच ठेवतो. हिला दुधासारखं वागवायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या कोणीमध्ये मीही आलो.

पुडा पाहिला तर त्याची मुदतही संपत आलेली. पावडरमधला पांढरा भाग नुसता शंखजिऱ्याचा, त्यात बुरशीचे बीजाणू मिसळलेले. नियमाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत असायला हवेत. दर महिन्याला त्यातले काही मरतात, आणि साध्या खोलीत साधारण सहा महिन्यांनंतर भरवसा ठेवू नये. म्हणून घेताना किंमत नंतर बघा, आधी उत्पादनाची तारीख बघा. कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का तेही बघा. "१०० टक्के सेंद्रिय" असं ठळक आणि नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नाही, असे पुडे आपल्या बाजारात पैशाला पासरी आहेत. मामांना एक असाच पूर्वी मिळाला होता. तो कुठल्या दुकानातला ते इथे सांगत नाही.

तिसरी चूक कोरडी पावडर कोऱ्या मातीत भुरभुरण्याची. नुसती पावडर टाकणं म्हणजे शिदोरी न देता माणसाला शेतात राखणीला बसवणं. ती वाढवून टाकायची असते. सावलीत १०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत पसरा, त्यात किलोभर ट्रायकोडर्मा मिसळा, जमलं तर थोडी निंबोळी पेंड. पाणी शिंपडून इतकं ओलं करा की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. वरून ओलं पोतं. तीन-चार दिवसांनी एकदा खालवर करा. दहा-पंधरा दिवसांत आधी पांढरी जाळी आणि मग हिरवी छटा दिसते. आता हे खत वाफ्यात मिसळा. एका पुड्याचे कितीतरी पुडे झाले आणि प्रत्येक बीजाणूसोबत त्याचं जेवणही गेलं. कच्चं, गरम शेण मात्र वापरू नका. आत ते तापतं आणि पुन्हा टिनाच्या खोलीचाच प्रकार होतो.

बियाण्यालाही चोळता येते, किलोला साधारण ५ ग्रॅम, थोड्या गुळाच्या पाण्याने चिकटवून, सावलीत सुकवून. पण बाजारातलं कांद्याचं बी बऱ्याचदा रंगीत येतं. तो रंग म्हणजे बुरशीनाशक लावल्याची खूण. त्यावर ट्रायकोडर्मा चोळणं हे विषाच्या ताटात जेवायला वाढण्यासारखं. तिथे मातीतूनच द्या. रासायनिक बुरशीनाशक द्यायचीच वेळ आली तर दोघांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा, आणि कार्बेन्डाझिम शक्यतो त्या मातीत नकोच. जिवाणूंचा पुडा असेल तर तांबंयुक्त औषध आणि स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूनाशक दूर ठेवा. संत्रावाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची, म्हणजे तांब्याचीच) कालवलेल्या बादलीतच पुढचं सगळं कालवायची आपली सवय.

उन्हाला कामाला लावणं

आमच्या भागात ऊन हा शत्रूच समजतात. पण रोपवाटिकेच्या बाबतीत ते फुकटचं औषध आहे. १९७६ मध्ये इस्रायलच्या याकोव्ह काटान यांनी एक साधी युक्ती मांडली: वाफा भरपूर ओला करायचा, त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीने बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हात सोडायचं. आत भाजीच्या कुकरसारखं होतं. वरच्या पाच सेंटिमीटर थरात तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि रोगाच्या बहुतेक बुरश्या, बरंचसं तण, सूत्रकृमी यांचा त्यात निकाल लागतो. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, माती कमी तापवतं. माती ओली हवी, कारण ओलीतून उष्णता खोल जाते आणि ओल मिळालेले बीजाणू जागे होऊन जास्त सहज मरतात. लव्हाळा मात्र यालाही दाद देत नाही.

एप्रिल-मेमध्ये जगात जिथे ही युक्ती सगळ्यात चांगली चालावी अशा जागांत विदर्भ नक्की येतो. आणि त्याच काळात पावसाळी रोपाचे वाफे मोकळे असतात. प्लास्टिक काढल्यावर माती जवळजवळ रिकामी गाडी असते, आणि रुमाल टाकायची तीच वेळ. त्याच आठवड्यात ट्रायकोडर्माचं खत मिसळलं तर जागा तिची. नाही मिसळलं तर जो पहिला येईल त्याची, आणि पिथियम पहिल्या पावसातच येतो.

वाफा उंच हवा, १५ सेंटिमीटर तरी. काळी माती पाणी सोडायला तयार नसते, आणि नागपुरात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. लागवडीलाही रुंद वरंबा-सरी बरी. वरंबा उतरता आणि सरी मोकळी असली की पोहणाऱ्या बीजाणूंचा रस्ताच बंद.

मातीचा विषय सोडण्याआधी आणखी एका मित्राचं नाव घ्यायलाच हवं. कांद्याची मुळं उथळ, थोडी, आणि त्यांच्यावर केसही फारसे नसतात. खाणं शोधायला हा गडी फार दुबळा. म्हणून तो मायकोरायझा नावाच्या मैत्र बुरशीवर इतका विसंबून असतो की या बुरशीचा अभ्यास करणारे लोक प्रयोगाला मुद्दाम कांदा घेतात. ही बुरशी मुळाच्या आत घर करते, तंतू दूरवर पसरते, स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. डीएपी या स्फुरदाच्या खताचा डोस भरमसाट झाला की झाडाला तिची गरज वाटत नाही आणि हा संसार मोडतो. "जास्त टाकलं तर जास्त पिकेल" या हिशोबात ही खोट कुठेच मांडलेली नसते.

पातीवर

जांभळा करपा ओळखायला सोपा: पातीवर पाणचट ठिपका, मग मधे जांभळट डाग, भोवती पिवळी कड, डागात गोल गोल वलयं. तो आणतो अल्टरनेरिया. तपकिरी लांबट पट्टे असले तर स्टेम्फिलियम, आणि पात पिळवटून मान लांब झाली तर तो काळ्या करप्याचा कोलेटोट्रायकम. अल्टरनेरियाला पात साधारण ११ तास किंवा जास्त सलग ओली लागते. म्हणून ढगाळ, रिमझिम आठवड्यात तो पसरतो, आणि तुषार सिंचन संध्याकाळी चालवणारा शेतकरी त्याला रात्रभराची ओल आपणहून पुरवतो.

पातीवर बॅसिलस किंवा स्यूडोमोनास फवारता येतात. पण ही जागा त्यांना परकी आहे. मेणचट, सरळ उभी पात, वरून ऊन, अतिनील किरणं, वारा. मातीत एकदा दिलेला जीव महिनोन् महिने राहतो, पातीवर काही दिवसांत विरतो. फवारायचंच तर रोग दिसण्याआधी, संध्याकाळी, चिकटद्रव्य घालून, आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा. डाग पडल्यावर जैविकच्या हट्टाला बसू नका, हे मी जैविकचा चाहता असूनही सांगतो.

इथे खरा उपयोग आडवळणाने होतो. फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, पात खरवडून रस पितात. मेणाचा थर निघतो, जखमा होतात आणि करप्याला दार उघडं मिळतं. फुलकिडे आवरले की करपाही कमी. लागवडीच्या महिनाभर आधी कांद्याभोवती मक्याच्या दोन ओळी पेरल्या तर त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि उडत येणारे फुलकिडे बरेच अडतात. पाच टक्के निंबोळी अर्कही फुलकिड्यांसाठी. नत्राचा शेवटचा हात उशिरा देऊ नका. लुसलुशीत पात दोघांनाही आवडते. जीवामृत, आंबट ताक याबद्दल लोक विचारतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ड्रममध्ये त्या दिवशी कोणता जीव किती आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे निकालही दर ड्रमला वेगळा.

कांद्याचा स्वतःचाही एक बंदोबस्त असतो, आणि पांढरा कांदा आवडीने खाणाऱ्या आपल्या लोकांनी तो जाणून घ्यावा. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वॉकर आणि लिंक या शास्त्रज्ञांनी एक कोडं सोडवलं: कोलेटोट्रायकमच्या एका जातीचे काळे डाग पांढऱ्या कांद्यावर पडतात, लाल-पिवळ्यावर का नाहीत? उत्तर बाहेरच्या वाळक्या सालीत निघालं. रंगीत सालीत कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असतं. दव पडलं की ते त्यात विरघळतं आणि बुरशीचे बीजाणू रुजण्याआधीच मरतात. साल सोलून काढली की लाल कांदाही पांढऱ्याइतकाच उघडा पडतो. मेलेली साल जिवंत कांद्याची राखण करते. (हेच कार्ल पॉल लिंक पुढे कुजक्या चाऱ्यावर काम करता करता वॉरफरिनपर्यंत पोचले, जे आधी उंदराचं विष झालं आणि मग हृदयरुग्णांची रक्त पातळ करणारी गोळी.) पण ही ढाल सगळ्यांवर चालत नाही. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात लाल कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी दिसतेच.

चाळीत

ती भुकटी म्हणजे काजळी, अ‍ॅस्परजिलस नायजर. तिला ऊबही हवी आणि ओलही. ऊब आपण थांबवू शकत नाही, ओल थांबवू शकतो. साठवणीतला नैसर्गिक उपाय म्हणजे सुकवण, बाकी काही नाही. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस ओलित बंद. काढलेला कांदा पातीसकट तीन दिवस वावरातच ठेवायचा, असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर सावली धरेल. नागपूरच्या एप्रिलमध्ये उघडा कांदा उन्हात ठेवला तर तो सुकत नाही, भाजतो. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस. मान सुकून बंद झाली की दार बंद. मान अगदी बुडापासून छाटली तर बुरशीला आत जायला उघडी जखम मिळते.

पुढच्या हंगामात मामांनी रब्बी कांदा घेतला. पुडा नोव्हेंबरमध्ये घेतला, घरात माठाजवळ ठेवला, शेणखतात वाढवला. रोप उभं राहिलं. मी गेलो तेव्हा ते सावलीत बसून माना कापत होते. एका कांद्याच्या सालीवर काजळी दिसली तशी त्यांनी तो बाजूला टाकला. मी त्यांना सांगितलं की या काळ्या बुरशीला साखर खाऊ घालून कारखान्यात सायट्रिक आम्ल करतात. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ती रीत काढली आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्याचं उत्पादनही सुरू झालं. आपण किराणा दुकानातून आणतो ते लिंबूसत्त्व बहुतेक असंच बनलेलं असतं.

मामी तेवढ्यात सरबत घेऊन आल्या. मामांनी पेला उन्हाकडे धरून आत पाहिलं.

"म्हणजे हे काजळी पिऊन राह्यलो का आपण?"

"काजळी नाही मामा, तिनं केलेलं सत्त्व."

त्यांनी थोडा वेळ विचार केला, पेला एका दमात रिकामा केला, आणि बाजूला टाकलेला तो कांदा उचलून पुन्हा एकदा नीट पाहिला.